परक्याची नजर आणि आपले शब्द

हेन्री क्लार्क वॉरनचे ‘बुद्धिझम इन ट्रान्स्लेशन्स’ हे पुस्तक मी पहिल्यांदा उघडले तेव्हा मला हसू आले होते, हे प्रथमच कबूल केलेले बरे. कॉलेजात पाली घेतलेल्या विद्यार्थ्याचे ते वय. चार सुत्ते वाचून झाली की जगातल्या सगळ्या अनुवादकांच्या चुका आपल्याला दिसू लागल्या आहेत असे वाटण्याचे. भगवान बुद्ध आपल्या भिक्खूंना हाक मारतात, आणि वॉरनच्या इंग्रजीत त्या हाकेचे होते ‘ओ प्रीस्ट्स’! ज्याने यज्ञयागाकडे पाठ फिरवली, ज्याच्या संघात कोणी कोणासाठी मंत्र म्हणत नव्हते की दक्षिणा घेत नव्हते, त्याने आपल्या शिष्यांना पुरोहित म्हणून संबोधावे, यापरता विपर्यास तो कोणता? मी समासात पेन्सिलीने एक ठसठशीत उद्गारचिन्ह काढले. पुस्तक ग्रंथालयाचे होते, याचे भानही राहिले नाही.

ते उद्गारचिन्ह पुढे माझ्यावरच उलटले. पुष्कळ वर्षांनी, घरातल्या एका कार्याच्या वेळी, वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, “भिक्षुकांची सोय कुठे केली आहे?” आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिक्खू म्हणजे भिक्षू. भिक्षू म्हणजेच भिक्षुक. आणि आपल्या मराठीत भिक्षुक म्हणजे कोण, तर पूजा सांगणारा, लग्नमुंज लावणारा, दक्षिणा घेणारा. भिक्षुकी करणे म्हणजे पौरोहित्य करणे. म्हणजे जो विपर्यास वॉरनने केला म्हणून मी हसलो होतो, तोच माझ्या मातृभाषेने शतकानुशतके सुखाने करून ठेवला होता, आणि मला तो कधी दिसलाही नव्हता. वॉरनची चूक परक्या वेषात आली म्हणून मी ती ओळखली. आपली चूक घरच्या कपड्यांत वावरत होती.

वॉरनविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका प्रसंगात आहे. परका अनुवादक चुकतो, आणि त्याच्या चुका उघड्या पडतात. आपण मात्र पाली शब्द उचलून त्याला संस्कृत रूप देतो, मराठी वाक्यात बसवतो आणि अनुवाद झाला असे समजतो. त्यामुळे आपल्या चुका झाकलेल्या राहतात. बुद्धाच्या शब्दांशी आपले नाते जवळचे आहे, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो साधारही आहे. पण ही जवळीक आपल्याला फसवते आहे की काय, अशी शंका मला वॉरननेच घेण्यास शिकवले.

•

वॉरनचे चरित्र थोडक्यात सांगण्याजोगे आहे. जन्म १८५४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला, घर सधन. लहानपणी पडल्याने पाठीच्या कण्याला इजा झाली आणि ती जन्मभर पुरली. हार्वर्ड विद्यापीठातून त्याने १८७९ साली पदवी घेतली आणि संस्कृताचा अभ्यास केला. चार्ल्स रॉकवेल लॅनमन हे त्याचे गुरू आणि पुढे मित्र. १८८४ साली तो लंडनला गेला व ऱ्हिस डेव्हिड्स यांना भेटला. सिंहलद्वीपात सरकारी नोकरी करता करता पाली शिकलेल्या या गृहस्थांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली होती. त्या भेटीनंतर वॉरनने पालीचाच ध्यास घेतला. लॅनमनच्या बरोबरीने त्याने हार्वर्ड ओरिएंटल सीरिज ही ग्रंथमाला उभी केली, तिला पैसा पुरवला, आणि १८९६ साली तिचा तिसरा ग्रंथ म्हणून स्वतःचे ‘बुद्धिझम इन ट्रान्स्लेशन्स’ प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी, जानेवारी १८९९ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या प्रचंड ग्रंथाचे संपादन त्याच्या मेजावर अपुरे राहिले.

शरीर असे दुबळे असताना हा माणूस उंच मेजाशी कुबड्यांच्या आधाराने उभा राहून, नाहीतर गुडघ्यांवर बसून काम करीत असे. या हकिकतीचे काव्य करण्याचा मोह होतो. पाठीच्या दुखण्याने पिडलेला माणूस दुःखाचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या धर्माकडे ओढला गेला, असे म्हणून मोकळे होता येते, आणि वॉरनने ‘दुःख’ या शब्दाला ‘मिझरी’ हा जरा भडक प्रतिशब्द निवडला, हा पुरावाही तयार असतो. मला ही वाट पटत नाही. तिच्या विरुद्ध पुस्तकातच एक साक्षीदार आहे, आणि तो म्हणजे ‘वेदना’ हा शब्द.

मराठीत वेदना म्हणजे कळ, यातना. प्रसववेदना, मनोवेदना, काव्यातली वेदना, सगळीकडे दुखणेच. पालीत तसे नाही. तिथे वेदना सुखाची असते, दुःखाची असते, आणि सुखाचीही नाही दुःखाचीही नाही अशीही असते. डोळ्याला रूप भेटले, कानाला शब्द भेटला, की त्या भेटीची जी चव लागते ती वेदना. वॉरन तिला ‘सेन्सेशन’ म्हणतो, म्हणजे नुसती जाणीव. ज्याचा दिवस दुखण्याने सुरू होऊन दुखण्याने संपत होता, त्याने या शब्दात स्वतःचे दुखणे मिसळू दिले नाही. मराठी वाचक मात्र, अंगात एक कळ नसतानाही, पंचस्कंधांच्या यादीत ‘वेदना’ वाचतो आणि बुद्धाने माणसाची फोड करताना दुखण्याला एक स्वतंत्र खाना दिला आहे असे समजून पुढे जातो.

•

वॉरनच्या पुस्तकाची रचना साधी आहे. शंभरावर उतारे, पाच प्रकरणे: बुद्ध, जीवांचे अस्तित्व, कर्म आणि पुनर्जन्म, ध्यान आणि निर्वाण, संघ. सुमेध ब्राह्मणाच्या कथेपासून आरंभ. प्रत्येक उताऱ्याला त्याने स्वतःचे इंग्रजी शीर्षक दिले आहे, आणि ही शीर्षके हीच त्याची टीका आहे. मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत की अशाश्वत असे प्रश्न विचारले आणि बुद्धाने विषारी बाणाचा दृष्टान्त देऊन ते बाजूला ठेवले. त्या उताऱ्यावर वॉरन लिहितो, ज्यांतून हित निपजत नाही असे प्रश्न. मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या रथाच्या संवादावर लिहितो, अहं असा कोणी नाही. स्वतःचे मत देताना तो हात आखडता घेतो. प्रकरणाच्या आरंभी चार पाने, की पुन्हा मूळ ग्रंथ बोलू लागतो.

या चार-चार पानांत एके ठिकाणी त्याने आपले मन उघडे केले आहे. त्याचा आशय असा: बौद्ध ग्रंथ वाचताना मला जो आनंद झाला त्यातला मोठा भाग इथल्या विचारांच्या अपरिचितपणाचा आहे, इथले युक्तिवाद, इतकेच नव्हे तर युक्तिवाद न करता गृहीत धरलेल्या गोष्टीही, माझ्या सवयीच्या नव्हत्या, आणि मी सदैव परीच्या राज्यात हिंडतो आहे असे वाटे. पाश्चात्त्य विचारांच्या कप्प्यांत हे विचार बसत नाहीत, म्हणूनच ते आपल्याला मोहक वाटतात, असेही तो सांगतो.

हे वाचून पौर्वात्य माणसाला राग येणे साहजिक आहे. आमचे तत्त्वज्ञान म्हणजे तुमच्या करमणुकीची परीकथा काय? या रागात तथ्य आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण या कबुलीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याला सगळेच अपरिचित आहे त्याला एकही शब्द फुकट मिळत नाही. प्रत्येक शब्दाशी त्याला थांबावे लागते, हा शब्द इथे काय करतो आहे असे विचारावे लागते, आणि आपल्या भाषेतला एक शब्द पुढे करून त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

‘सङ्खार’ या शब्दाचे उदाहरण घेतो, कारण या शब्दाने मला स्वतःला शिक्षा केली आहे. हा शब्द पालीत निदान तीन ठिकाणी तीन कामे करतो. पंचस्कंधांत तो चौथा आहे. तिथे त्याचा अर्थ मनाच्या घडणी, वळणे, प्रवृत्ती असा. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत तो अविद्येच्या पाठोपाठ येतो. तिथे पुढच्या जन्माला कारण होणारी हेतुपूर्वक कृती असा. आणि जगात जे जे घडलेले, जुळून आलेले, ते सगळे अनित्य आहे असे सांगताना तोच शब्द सर्व वस्तुजाताला लावला जातो. वॉरन पहिल्या ठिकाणी ‘प्रीडिस्पोझिशन्स’ लिहितो, दुसऱ्या ठिकाणी ‘कर्म’ लिहितो, आणि तिसऱ्या ठिकाणी, बुद्धाच्या अखेरच्या उपदेशात, अस्तित्वाचे घटक अशा अर्थाची इंग्रजी शब्दयोजना करतो. एका पाली शब्दाची तीन इंग्रजी माणसे झाली. यात तोटा आहे. तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरण्यात मुळाचा काही हेतू असेल, आणि इंग्रजी वाचकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. ‘कर्म’ हा प्रतिशब्द तर मला धाडसाचा वाटतो. तो अनुवाद नसून भाष्य आहे, आणि तेही बुद्धघोषाच्या बाजूने झुकलेले. पण वॉरन प्रत्येक ठिकाणी थांबला होता, हे तर खरे?

मी थांबलो नव्हतो. पाली शिकवीत असताना ‘मिलिंदपञ्ह’ आणि काही सुत्ते यांचे निवडक भाग मराठीत आणावेत असे मी मनात घेतले आणि वहीभर मजकूर लिहून काढला. काम झपाट्याने झाले, याचा मला आनंदही वाटला. सङ्खार म्हणजे संस्कार, विञ्ञाण म्हणजे विज्ञान, सञ्ञा म्हणजे संज्ञा, रूप म्हणजे रूपच. काही पाने मी वर्गात वाचून दाखवली. सर्व संस्कार अनित्य आहेत असे आले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे आईवडिलांनी केलेले संस्कार टिकत नाहीत, असं का बुद्ध म्हणतात?” वर्ग हसला, मीही हसलो. पण ती मुलगी थट्टा करीत नव्हती. तिच्या भाषेत संस्कार या शब्दाचा तोच अर्थ होता आणि माझ्या वाक्याचाही तोच अर्थ होत होता. पुढच्या आठवड्यात विज्ञानाची पाळी आली. नामरूप विज्ञानावर अवलंबून आहे, हे वाक्य एका मुलाने वहीत उतरवून घेतले आणि त्याखाली लिहिले, ‘म्हणजे बुद्धधर्म वैज्ञानिक आहे.’ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही त्याने तेच लिहिले. मी त्याचे गुण कापले नाहीत. ती चूक त्याच्या हातची नव्हती.

ती वही मी पुन्हा तपासली, तेव्हा ध्यानात आले की अशा शब्दांची रांगच उभी आहे. समाधी म्हटले की मराठी मनाला आळंदी आठवते, फार तर फुले वाहिलेला चौथरा. निर्वाण म्हटले की थोर पुरुषाचा मृत्यू आठवतो. संज्ञा म्हणजे शास्त्रातला पारिभाषिक शब्द. रूप म्हणजे देखणेपण. यांतला एकही शब्द पालीतून मराठीत आलाच नव्हता. तो आपल्या जागी बसून राहिला होता आणि मी त्याच्यावरून लेखणी फिरवून पुढे गेलो होतो. या लिहिण्यात वाक्यांची क्रियापदे तेवढी मराठी होती.

•

तेव्हा परक्याची नजर चांगली आणि आपली वाईट, असा निकाल द्यावा काय? असा निकाल सोपा आहे आणि चूक आहे. वॉरनचे दोष ‘प्रीस्ट’ या एका शब्दापुरते नाहीत, आणि परीच्या राज्याविषयी आलेला राग मी वर बाजूला ठेवला होता, त्याचा हिशेब आता केला पाहिजे.

पहिला दोष काळाचा. वॉरन निकायांतले सुत्त, विनयातले प्रकरण, जातककथांची प्रस्तावना, मिलिंद राजाचे संवाद आणि बुद्धघोषाचे भाष्य ही सगळी शेजारी शेजारी मांडतो. उताऱ्याच्या शेंड्याला ग्रंथाचे नाव असते, पण वाचणाऱ्याच्या कानाला एकच आवाज ऐकू येतो. बुद्धघोष हा ख्रिस्ती सनाच्या पाचव्या शतकातला, अनुराधपुराच्या महाविहारात बसून लिहिणारा पंडित. बुद्ध आणि तो यांच्यामध्ये जवळजवळ हजार वर्षे गेली. ‘ज्ञानेश्वरी’ आणि आजच्या एखाद्या प्रवचनकाराचे पुस्तक यांतले परिच्छेद आळीपाळीने छापून त्याला वारकरी पंथ असे नाव दिले, तर आपण काय म्हणू? परीचे राज्य असे तयार होते. तिथे कालगणना नसते.

याचा परिणाम बुद्धचरित्रावर सर्वांत ठळक झाला आहे. वॉरनने गृहत्यागाची हकिकत जातकाच्या निदानकथेतून घेतली. मध्यरात्र, अस्ताव्यस्त झोपलेल्या नर्तकी, छन्न, कंथक घोडा, साहाय्याला देव. सुंदर कथा आहे, आणि वॉरनने ती सुंदर उतरवली आहे. आता तिच्याजवळ आपल्या धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ ठेवून पाहा. तरुण मुलाने आईवडील रडत असताना, त्यांच्यादेखत, केस उतरवून घर सोडले, असे जे एका जुन्या सुत्तात बुद्धाच्याच तोंडी येते, ते कोसंबी पुढे ठेवतात आणि चोरून निघून जाण्याची कथा बाजूला सारतात. गृहत्यागाचे कारणही ते म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात शोधीत नाहीत. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारी भांडणे आणि शस्त्रे धरणाऱ्या माणसांचे परस्परांशी वैर, यांकडे ते बोट दाखवतात. त्यांचे हे अनुमान सर्वांना मान्य होईल असे नाही. पण दोन दृष्टींतला फरक स्पष्ट आहे. एकाला अद्भुत हवे होते म्हणून त्याने अद्भुताची पाने निवडली. दुसऱ्याला वाट दाखवणारा माणूस हवा होता म्हणून त्याने अद्भुत खरवडून काढले. गोव्यातल्या सांखवाळ गावचा, ‘बालबोध’ मासिकातले बुद्धचरित्र वाचून अस्वस्थ झालेला, १८९९ च्या अखेरीस घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी पायपीट करणारा हा माणूस परीच्या राज्यात हिंडायला निघाला नव्हता. त्याला राहायला घर हवे होते.

दुसरा दोष कानाचा. उरुवेलेच्या जटिलांची गोष्ट पाहा. हे हजार जटाधारी अग्नीची परिचर्या करणारे. ते बुद्धाचे शिष्य होतात, आणि गयाशीर्षावर बुद्ध त्यांना पहिली गोष्ट सांगतो ती ही की सगळे पेटलेले आहे. डोळा पेटलेला आहे, डोळ्याला दिसणारे पेटलेले आहे. आणि ही आग राग, द्वेष व मोह यांची आहे. कालपर्यंत ज्यांनी आग जपली त्यांनाच हा उपदेश! आपल्या वाचकाला यातले मर्म सांगावे लागत नाही. अग्निहोत्र हा शब्द त्याच्या ओळखीचा आहे; अग्नी विझू द्यायचा नाही, ही निष्ठा त्याला ठाऊक आहे; त्यामुळे ती निष्ठाच उलटी करून समोर धरली जाते आहे, हे त्याला लगेच जाणवते. वॉरनच्या अनुवादात आगीचा ताल उत्तम साधला आहे, पण हे जटाधारी त्याच्याकडे आधी ‘मंक’ असतात, आणि बुद्धाचे शिष्य झाल्यावर ‘प्रीस्ट’ होतात! ज्यांनी अग्निपूजा सोडली त्यांना नेमकी त्याच वेळी पुरोहिताची पदवी मिळाली. इथे मात्र माझे जुने उद्गारचिन्ह मी पुसणार नाही. सिंहलद्वीपाविषयी लिहिणाऱ्या त्या शतकातल्या इंग्रजांत भिक्खूंना ‘प्रीस्ट’ म्हणण्याची रूढी होती, हे खरे. पण ऱ्हिस डेव्हिड्स यांनी वॉरनच्या आधीच, १८८१ साली, बुद्धाच्या हाकेला ‘ब्रेदरन’ असा, भावांनो म्हणावा तसा, शब्द योजला होता. दुसरी वाट दाखवलेली असताना वॉरन रूढीने गेला.

गंमत अशी की पश्चिमेच्या कवितेत हा उपदेश गेला तो वॉरनच्याच हातून. टी. एस. एलियट १९११ नंतर हार्वर्डला लॅनमनपाशी संस्कृत शिकला. १९२२ सालच्या ‘द वेस्ट लँड’च्या तिसऱ्या भागाला त्याने याच आगीच्या उपदेशाचे नाव दिले आणि टिपणांत वॉरनच्या पुस्तकाचा निर्देश केला. दोषांसकट हा अनुवाद एका मोठ्या कवीला पुरला. ‘प्रीस्ट’ शब्दाने त्याचे अडले नाही. अनुवादाचे मोल केवळ चुकांच्या बेरजेने ठरत नाही, हे मला इथे दिसते.

शब्दांना वयही असते. वॉरनने ‘अनत्ता’ समजावताना ‘इगो’ हा शब्द घेतला तेव्हा तो तत्त्वज्ञानातला कोरडा शब्द होता. पुढे फ्रॉइडच्या इंग्रजी अनुवादांनी त्याला नवे कपडे घातले, आणि आज मराठी बोलण्यातही ‘त्याला फार इगो आहे’ असे आपण घमेंडीबद्दल म्हणतो. त्यामुळे अहं असा कोणी नाही हे वॉरनचे शीर्षक आजच्या तरुणाला नम्रतेचा उपदेश वाटण्याचा संभव आहे. नागसेनाने राजाला नम्रता शिकवली नव्हती. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, असे करीत त्याने राजाच्या पायांखालची जमीन काढून घेतली होती.

•

वॉरन आणि कोसंबी यांची गाठ पुढे एका ग्रंथावर पडली, दोघांची भेट कधीच झाली नसताना. वॉरनमागे राहिलेले ‘विसुद्धिमग्गा’चे काम तडीला नेण्यासाठी हार्वर्डचे जेम्स वुड्स यांनी कोसंबींना बोलावले, आणि १९१० साली ते अमेरिकेस गेले. त्यानंतरही या कामासाठी त्यांनी पुन्हा पुन्हा त्या फेऱ्या केल्या. तेवीस परिच्छेदांचा हा ग्रंथ. शील, समाधी, प्रज्ञा अशी त्याची चढण. वॉरनने हस्तलिखिते जुळवून पाठ सिद्ध करीत आणला होता. कोसंबींनी तो तपासला, सुधारला. पण संपादक म्हणून कोणाचे नाव कसे छापावे यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचे बिनसले, आणि ग्रंथ रखडला. १९४० साली कोसंबींनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत प्रसिद्ध केला. हार्वर्डची प्रत निघाली ती १९५० साली, वॉरनचे संपादन आणि कोसंबींचे संशोधन अशा दोन्ही नावांनी. तोवर लॅनमन १९४१ मध्ये गेले होते, कोसंबी १९४७ मध्ये. वॉरनला जाऊन तर एक्कावन्न वर्षे झाली होती.

कर्ता म्हणून कोणी शोधून सापडत नाही असे शिकवणाऱ्या ग्रंथाच्या कर्तेपणावरून वाद व्हावा, या विसंगतीवर कोणी बोट ठेवील. मला हा विनोद फार ताणावासा वाटत नाही. मेलेल्या मित्राचे काम त्याच्याच नावाने जगापुढे यावे असे गुरूला वाटणे समजण्यासारखे आहे. आणि परतंत्र देशातून गेलेल्या पंडिताने आपल्या श्रमाचे नाव मागणे हा अहंकार नव्हे; तो न्यायाचा प्रश्न होता. पण अखेर उभ्या राहिलेल्या पाठाकडे पाहिले की वाटते, एकट्या वॉरनच्या हातून तो असा झाला नसता, आणि एकट्या कोसंबींच्या हातूनही वेगळाच झाला असता. भिक्खू ञाणमोलींनी १९५६ साली कोलंबोला ‘विसुद्धिमग्गा’चा जो इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, त्याचे परिच्छेद-क्रमांक या हार्वर्ड प्रतीचेच आहेत. परक्याची नजर आणि घरच्याचा कान यांनी मिळून घातलेली ती पायवाट आहे.

कोसंबींनाही घरच्याचा कान आयता मिळाला नव्हता, ही गोष्ट आपण विसरतो. कोकणी-मराठीत वाढलेला हा माणूस पालीकडे सरळ संस्कृताच्या दाराने शिरला नाही. तो सिंहलद्वीपाला गेला, तिथल्या विहारात राहिला, ब्रह्मदेशात राहिला, परक्या लिप्यांतून ग्रंथ वाचला, आणि मग मराठीत परतला. आपल्याच शब्दांना परका होऊन तो पुन्हा त्यांच्या घरी आला. मराठी अनुवादकाला करायचा आहे तो हा प्रवास. त्यासाठी बोटीत बसलेच पाहिजे असे मात्र नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांदेखत पाहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध दीक्षा घेतली, आणि त्यांच्या मागे १९५७ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ हे वेगळे आहेत असे त्यांनी मांडले. संस्कृत रूप हाताशी असताना, सगळ्यांच्या जिभेवर असताना, त्यांनी पाली रूप राखले. भाषापंडिताला धर्म आणि धम्म यांत एका रकाराचा फरक दिसेल. पण ‘धर्म’ या शब्दाने ज्यांचे पाणी बंद केले होते त्यांना त्या रकारात काय होते ते ठाऊक होते. तो शब्द परका केला, म्हणून तो त्यांना आपला म्हणता आला. आज खेड्यापाड्यांत, कधीही पालीचे व्याकरण न उघडलेली माणसे हा फरक अचूक पाळतात. इतका नेमका अनुवाद माझ्या वहीत एकही नव्हता.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. मधूनमधून मी ती काढतो आणि एखादा शब्द खोडतो. वेदनेच्या जागी आता ‘अनुभवाची चव’ असे लिहिले आहे. ते लांबट आहे, पण खोटे नाही. विज्ञानाच्या जागी ‘जाण’ आले. भिक्षू खोडून भिक्खू केले, कारण त्या शब्दाला परके राहू देणेच बरे असे दिसले. ‘सङ्खारा’ची जागा तेवढी मोकळी आहे. तिथे ‘घडण’ लिहून पाहिले. एका ठिकाणी बसते, दुसऱ्या ठिकाणी अडते, तिसऱ्या ठिकाणी हास्यास्पद होते. वॉरनलाही तीन शब्द लागले होते, हे आठवून मी वही मिटतो. ग्रंथालयातली ती प्रत अजून कुठे असेल तर तिच्या समासातले पेन्सिलीचे उद्गारचिन्हही असेलच. कोणा विद्यार्थ्याच्या दृष्टीस ते पडले, तर त्याने ते खुशाल तसेच ठेवावे. मात्र पुढे मराठीतला भिक्षुक भेटेल तेव्हा त्याच्याही समासात एक काढावे.